रेंज संपते तिथून पुढे: सह्याद्रीत सॅटेलाइट फोनवरून मदत कशी मागायची

सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीच्या धक्क्यावरून लाँच सुटली की पाच-दहा मिनिटं सगळ्यांच्या माना खाली असतात. कुणी घरी "आता फोन लागणार नाही" असं लिहून पाठवतं, कुणी शेवटचा फोटो चढवायला धडपडतं. मग एकेक कांडी करत रेंज जाते आणि लोक पहिल्यांदाच शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याकडे नीट बघतात. पलीकडच्या काठावर मेट इंदवली, तिथून जंगलातून वर वासोटा किल्ला. या टप्प्यात पाय मुरगळला, मधमाशा उठल्या, कुणाच्या छातीत कळ आली, तर खिशातला तीस हजारांचा फोन म्हणजे टॉर्च आणि घड्याळ.

गेली काही वर्षं मी या भागात गट घेऊन जातो. कांदाटी खोरं, चकदेव, पर्वत, वासोटा, कधी सांगलीच्या बाजूने चांदोली. हल्ली दर दुसऱ्या गटात एकजण तरी विचारतो, "सर, सॅटेलाइट फोन घेऊन टाकू का?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी कायद्याचं, कारण इथेच लोक फसतात

परदेशातून येताना किंवा ऑनलाइन मागवून आणलेला सॅटेलाइट फोन भारतात जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरू शकतो. त्यावरून एकही फोन लावलेला नसला तरी. थुराया आणि इरिडियम या दोन कंपन्यांच्या फोनना दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय इथे मज्जाव आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांनी सॅटेलाइट फोन वापरला होता, त्यानंतर ही नजर जास्तच कडक झाली. कायदे जुने आहेत, १८८५ चा तारेचा आणि १९३३ चा वायरलेसचा, आणि आता २०२३ चा दूरसंचार कायदा. सबब चालत नाही. विमानतळावर पर्यटकांना अटक झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

ट्रेकर मंडळींना न पटणारी गोष्ट म्हणजे ते छोटं नारिंगी यंत्र, ज्यावरून फक्त मेसेज जातो आणि मदतीचं बटण दाबता येतं, तेही यातच येतं. गार्मिनचं इनरीच इरिडियमच्याच उपग्रहांवर चालतं. आमच्या गटात एकदा अमेरिकेहून आलेल्या भाच्याने मामाला भेट दिलेलं असं यंत्र आलं होतं. मामा अगदी कौतुकाने दाखवत होते. मी ते साताऱ्यातच ठेवायला लावलं, त्यावर दिवसभर तोंड फुगवून बसले. आयफोनमधली उपग्रहावरून मदत मागण्याची सोयही भारतात सुरू नाही, तेव्हा नवीन मॉडेल घेतलं म्हणजे काम झालं असं धरून चालू नका.

मग कायदेशीर मार्ग कोणता? बीएसएनएल. इन्मारसॅट कंपनीच्या उपग्रहांवर चालणारी सॅटेलाइट फोनची सेवा २०१७ पासून बीएसएनएल देते आणि ते कॉल भारतात ज्या केंद्रातून जातात ते गाझियाबादला आहे. पोलीस, सीमेवरची दलं, एनडीआरएफसारखी आपत्ती पथकं यांच्या हातात दिसतो तो बहुतेक हाच फोन. संस्थेला किंवा मोहिमेला हवा असेल तर बीएसएनएलच्या कार्यालयात रीतसर अर्ज करायचा आणि परवानगीचा कागद हातात आल्यावरच फोन बॅगेत जायचा. त्या कागदाची प्रत फोनसोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. चौकीवर विचारलं तर "साहेब, परवानगी घरी आहे" हे उत्तर कामाचं नाही.

तेव्हा वीकेंडला वासोट्याला निघालेल्या माणसाने फोन विकत घ्यायच्या फंदात पडू नये. पण संस्थेत, बचाव पथकात, वनखात्यात किंवा गावच्या आपत्ती समितीत असाल तर हा फोन कधीतरी तुमच्या हातात येईल. आणि येईल तो पावसात, अंधारात, घाईत.

उपग्रह दक्षिणेला आहे, हे विसरायचं नाही

मोबाइल टॉवर शोधतो, हा फोन आभाळ शोधतो. इन्मारसॅटचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर एकाच जागी ठाण मांडून असतात. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला, म्हणून उपग्रहही दक्षिणेलाच. पटत नसेल तर गावातल्या घरांवरच्या डिश बघा, सगळ्यांची तोंडं दक्षिणेच्या अंगाला असतात. त्यांचा उपग्रह जरा पूर्वेकडे झुकलेला, आपल्या फोनचा जरा पश्चिमेकडे, एवढाच फरक. साताऱ्यातून तो बराच उंच, डोक्यापासून थोडा खाली दिसायला हवा, म्हणजे दिसला असता तर.

त्यामुळे जागा निवडताना वर किती मोकळं आहे यासोबत दक्षिणेला काय आहे हेही बघावं लागतं. घळीत उभे असाल आणि दक्षिणेला कडा अंगावर आला असेल तर फोन तासभर शोधत राहील. तिथून पन्नास-शंभर पावलं चालून सोंडेवर, सड्यावर किंवा पाण्याच्या काठी मोकळ्यात आलात की काम होतं. कोयनेच्या जलाशयाचा काठ यासाठी फार बरा, आभाळ मोकळंच असतं.

पावसाची भीती मात्र बाळगू नका. मुसळधार पावसात घरची डिश गप्प होते म्हणून लोकांना वाटतं, हाही फोन बंद पडेल. तसं होत नाही. याच्या लहरींची लांबी डिशच्या लहरींपेक्षा पुष्कळ जास्त आहे, त्यामुळे ढग, धुकं, पाऊस यांतून त्या आरामात जातात. अडवतात ती झाडं, त्यातही ओली झाडं. एका सरावात माझ्या हातात फोन दिला आणि मी पाऊस चुकवायला शहाण्यासारखा जांभळाखाली जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटं पडद्यावर "शोधत आहे" एवढंच. मागून एक पोरगा म्हणाला, "दादा, छत्रीतून बाहेर या की." बाहेर आलो, भिजलो, आणि मिनिटभरात फोन लागला.

निघण्याआधी घरी करायची कामं

फोन पूर्ण चार्ज करा, मोकळ्या अंगणात न्या, आणि एक खरा कॉल लावून बघा. पेटीतून काढून थेट डोंगरात नेलेला फोन म्हणजे न धार लावलेला कोयता. सिम चालू आहे का, शिल्लक आहे का, पिन कुणाला माहीत आहे, हे सगळं याच कॉलमध्ये कळतं. पिन एकालाच माहीत आणि नेमका तोच जखमी, अशी वेळ येऊ देऊ नका. निदान तिघांना पाठ हवा.

नंबर साठवायची पद्धत वेगळी आहे. सॅटेलाइट फोनवरून लावताना प्रत्येक नंबर परदेशातून लावल्यासारखा, देशाच्या कोडसह लावायचा. मोबाइल असेल तर +९१ आणि पुढे दहा आकडे. लँडलाइन असेल तर गावाच्या कोडमधलं सुरुवातीचं शून्य गळतं: साताऱ्याचा ०२१६२ तिथे +९१ २१६२ होतो, सांगलीचा ०२३३ तिथे +९१ २३३. घाईत हे शून्य हमखास मध्ये येतं आणि फोन कुठेच लागत नाही.

११२ (आणीबाणी), १०८ (रुग्णवाहिका), १०७७ (जिल्हा आपत्ती कक्ष) हे छोटे नंबर मोबाइलवर उत्तम, पण सॅटेलाइट फोनवरून ते साताऱ्याच्या माणसापर्यंत पोचतीलच असं गृहीत धरू नका. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा, जवळच्या पोलीस ठाण्याचा, वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयाचा आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा पूर्ण लँडलाइन नंबर आधी मिळवून, लावून बघून मगच साठवा. महाबळेश्वर आणि साताऱ्यात डोंगरी बचावाचं काम करणारी पथकं आहेत, राज्यभरच्या पथकांना जोडणारं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचेही नंबर घ्या. आणि एक नंबर अशा माणसाचा, जो त्या दिवशी घरीच असेल, फोन उचलेल आणि गडबडणार नाही. माझ्या यादीत तो मान माझ्या थोरल्या वहिनीचा. दादा फोन सायलेंटवर ठेवतो.

हीच सगळी यादी कागदावर, बॉलपेनने, घडी करून पिशवीत.

प्रत्यक्ष प्रसंगात: कोणतं काम कधी

पहिली दोन मिनिटं फोनची नाहीत, जखमी माणसाची. रक्त थांबवा, दरीच्या कडेपासून आत घ्या, माशांच्या टापूतून बाहेर काढा. नंतर एकाने त्याच्याजवळ बसायचं आणि दुसऱ्याने फोन घेऊन मोकळ्या जागी जायचं. तिसरा असेल तर तो दोघांच्या मध्ये, हाकेच्या अंतरावर. फोनवरचा माणूस विचारतो, "शुद्धीवर आहे का? श्वास कसा आहे?" त्याचं उत्तर धावत जाऊन आणायचं काम तिसऱ्याचं.

मोकळ्यावर आल्यावर अँटेना पूर्ण उघडा आणि फोन असा धरा की अँटेनाचं टोक आभाळाकडे राहील. इथे सवय आडवी येते. आपण मोबाइल कानाला लावून मान खाली घालून येरझाऱ्या घालतो. इथे तसं केलं की अँटेना आडवी होते आणि बोलणं मध्येच तुटतं. एका जागी उभं राहायचं. फोन आधी जीपीएसवरून स्वतःची जागा ओळखतो, मग उपग्रहाकडे नोंदणी करतो, आणि त्यानंतरच नंबर लावू देतो. मोकळ्यात याला एखादं मिनिट, कधी दोन-तीन लागतात. या वेळात चिडून बंद-चालू करू नका. प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

तेवढ्या वेळात काय बोलायचं ते कागदावर लिहा. खरंच लिहा. मी मी म्हणणारे ट्रेक लीडर त्या क्षणी "हॅलो, आम्ही इथे अडकलोय" याच्यापुढे जात नाहीत.

काही फोनवर, उदाहरणार्थ इन्मारसॅटच्या आयसॅटफोन २ वर, झाकणाखाली मदतीचं वेगळं बटण असतं. ते दाबून धरलं की तुमची जागा आधी ठरवून ठेवलेल्या नंबरवर जाते. ठरवून ठेवलेल्या, हे महत्त्वाचं. नंबर भरलेलाच नसेल तर ते बटण शोभेचं.

बोलणं: आधी जागा, मग कहाणी

उपग्रहापर्यंत जाऊन यायला आवाजाला वेळ लागतो. तुम्ही विचारल्यावर उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त खंड पडतो. आपल्याला वाटतं समोरच्याने ऐकलंच नाही, म्हणून आपण पुन्हा "हॅलो हॅलो" करतो. तेवढ्यात त्याचं उत्तर आलेलं असतं आणि दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळतं. एक वाक्य बोला, थांबा, मनात एक-दोन मोजा, ऐका. वाक्य संपलं की "बोला" म्हणायची सवय लावली तर फार सोपं जातं.

फोन कधीही तुटू शकतो, म्हणून सर्वांत आधी जागा. त्यातही जिल्हा, तालुका, गाव या क्रमाने. राज्याच्या ११२ चं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे, १०८ चं पुण्यात. तिथल्या ताईंनी मेट इंदवलीचं नाव आयुष्यात ऐकलेलं नसतं. नुसतं "मोरगिरी" म्हणालात तर एक पाटण तालुक्यात आहे आणि एक किल्ला लोणावळ्याकडे.

मग अक्षांश-रेखांश. इथे एक चूक इतकी सहज होते की थोडं तपशिलात सांगतो. वासोटा साधारण १७.६६ उत्तर, ७३.७० पूर्व या ठिकाणी आहे. काही यंत्रं हेच अंश-मिनिटांत दाखवतात: १७ अंश ४० मिनिटं, ७३ अंश ४२ मिनिटं. आता घाबरलेला माणूस हे "सतरा चाळीस, त्र्याहत्तर बेचाळीस" असं वाचतो आणि ऐकणारा १७.४०, ७३.४२ लिहून घेतो. नकाशावर टाकून बघा. नुसत्या पहिल्या आकड्याच्या गोंधळाने तुम्ही २९ किलोमीटर दक्षिणेला, कोयना धरणाच्या अक्षांशावर पोचता. दोन्ही आकडे चुकले तर घाट उतरून कोकणात, चिपळूणच्या दक्षिणेला. पथक रत्नागिरी जिल्ह्यात आणि जखमी जावळीत. म्हणून फोन आधीच दशांश पद्धतीवर लावून ठेवा, आणि बोलताना "टिंब" हा शब्द ठासून म्हणा.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी आकड्यांची. खरखरत्या लाइनवर एकोणसत्तर, एकोणऐंशी, सदुसष्ट, सत्त्याहत्तर यांतलं नेमकं काय म्हणालो ते माझं मलाच कळत नाही. एकेक आकडा सुटा सांगायचा: "एक, सात, टिंब, सहा, सहा, तीन." आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यायचा. टिंबानंतर तीन आकडे पुरेत. दुसऱ्या घरातला एक आकडा चुकला की सुमारे एक किलोमीटरचा फरक पडतो, तिसऱ्या घरातला चुकला तर शंभरेक मीटरचा.

सगळं मिळून बोलणं साधारण असं व्हावं:

"सॅटेलाइट फोनवरून बोलतोय, फोन तुटेल, आधी लिहून घ्या. सातारा जिल्हा, जावळी तालुका, वासोटा किल्ला, मेट इंदवलीकडून चढतानाची वाट, दुसऱ्या ओढ्याच्या वर. उत्तर एक सात टिंब सहा सहा तीन, पूर्व सात तीन टिंब सात शून्य एक. परत म्हणून दाखवा. बोला."

"एक जखमी. पुरुष, वय अंदाजे पन्नास. उजवा पाय घोट्याच्या वर मोडलाय, चालता येत नाही. शुद्धीवर आहे, रक्त थांबलंय. आम्ही बाकी आठजण ठीक आहोत. बोला."

"स्ट्रेचर आणि उचलायला माणसं लागतील. बामणोलीहून लाँचनेच यावं लागेल, रस्ता नाही. पाऊस नाही, अंधार व्हायला दोन तास आहेत. माझा नंबर लिहून घ्या. बोला."

शेवटचा मुद्दा लोक विसरतात. सॅटेलाइट फोनचा नंबर समोर दिसेलच असं नाही. तो कागदावर लिहून फोनच्या पाठीला चिकटवलेला हवा. आणि "लाँचनेच यावं लागेल" हे सांगितलं नाही, तर बाहेरगावचा माणूस गाडी कुठवर येते हेच विचारत बसतो.

फोन ठेवल्यावर

पुन्हा कधी बोलायचं ते ठरवूनच फोन ठेवा: "बरोबर साडेपाचला मी लावतो." मग फोन बॅगेत टाकून चालणार नाही. अँटेना मिटून पिशवीत ठेवलेल्या फोनवर कॉल येईलच असं नाही, त्याला आभाळ दिसायलाच हवं. बॅटरी भरपूर असेल तर अँटेना उघडी ठेवून खडकावर ठेवा आणि एकाला राखणीला बसवा. कमी असेल तर बंद करा आणि ठरल्या वेळी पाच मिनिटं आधी चालू करा. मध्येच मन राहवत नाही म्हणून घरी फोन लावून बायकोला रडवू नका. ते सगळं नंतर.

आणि जागा बदलू नका. बदलावीच लागली तर आधी कळवा.

सॅटेलाइट फोन नाही, म्हणजे आपण बहुतेक सगळे

इथेही तेच नियम लागतात: मोकळी जागा आणि ठरलेलं बोलणं. स्वतःच्या सिमची रेंज नसली तरी "फक्त आणीबाणीचे कॉल" असं दिसत असेल तर ११२ लावा, तो दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जातो. पडद्यावर काहीच नसेल तर वर चढा. खोऱ्यात नसलेली रेंज अनेकदा सोंडेवर किंवा खिंडीत मिळते. कॉल लागत नसेल तर साधा मेसेज पाठवून बघा. कॉलला सलग सिग्नल लागतो, मेसेजला क्षणभराचा पुरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर भिस्त ठेवू नका. आणि जीपीएसला रेंज लागतच नाही: विमान मोडवरही तुमची जागा कळते आणि बॅटरीही टिकते. रेंज शोधत राहणारा फोन दुपारपर्यंत मरतो.

मी एक जुनी वही ठेवली आहे. कुठल्या खडकावर, कुठल्या खिंडीत, कुठल्या कंपनीची रेंज मिळाली, एवढंच त्यात. बोटवाले मामा, गुराखी, फॉरेस्टचे गार्ड यांना हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. "मामा, इथे फोन कुठे लागतो?" हा प्रश्न चढायला लागण्याआधी विचारायचा.

रेंज नाहीच मिळाली तर माणूस धाडायचा. एकटा नाही, दोघे. त्यांच्या हातात चिठ्ठी द्यायची. तोंडी निरोप दोन ओढे ओलांडेपर्यंत बदलतो. वर दिलेलं बोलणं जसंच्या तसं लिहा. ही दोघं लाँचपर्यंत, वनखात्याच्या चौकीपर्यंत किंवा पहिल्या वाडीतल्या पोलीस पाटलांपर्यंत जातील. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइनही रेंजमध्ये येताच लावता येते. मागे थांबलेल्यांनी शिट्टी वाजवायची: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. रात्री टॉर्चने तेच. समोरून तीनदा उत्तर आलं म्हणजे कुणीतरी ऐकलं.

पावसाळ्यात हे सगळं गावालाही लागू होतं. २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. अशा वेळी रस्ता तुटतो, वीज जाते, आणि वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तासांतच संपते. एरवी चार कांड्या दाखवणारी वाडी एका रात्रीत वासोट्याइतकी दूर होते. आपल्या वाडीतून पायी कुठल्या सड्यावर गेलं की दुसऱ्या खोऱ्यातला टॉवर मिळतो, हे मे महिन्यातच दोघा-तिघांनी जाऊन बघून ठेवायला हवं.

आणि घरी एक वेळ सांगून जा. वासोट्यावर मुक्कामाला परवानगी नाही, सगळ्या लाँच संध्याकाळी परततात, म्हणून आमची वेळ ठरलेली असते: रात्री साडेआठ. तोवर फोन आला नाही तर वहिनी आधी बामणोलीला लाँचवाल्याला विचारते, मग मेढ्याच्या पोलीस ठाण्याला. तिच्याकडे गटाची यादी, लाँचवाल्याचा नंबर आणि आमची वाट कागदावर असते, फ्रिजवर चुंबकाखाली. एकदा परतीत गाडी पंक्चर झाली, मी फोन करायचं विसरलो, आणि आठ एकतीसला लाँचवाल्याचा फोन माझ्याच फोनवर: "सर, तुमच्या घरून विचारतायत, तुम्ही सापडला का?"